विरुद्ध बाजूची साक्षीदार

आत्याबाई,

मन्मथपासून वेगळी झाल्यावर मी पहिल्यांदा लेकरांना ताडकळसला सोडायला आले, तेव्हा तुम्हाला काय हाक मारावी हा मोठाच प्रश्न होता. माहेरून, पालमहून निघाल्यापासून बसमध्ये तोच विचार करत होते. तुमच्या मुलाशी माझं नातं कोर्टानं कागदावर संपवलेलं, मग सासूला सासू कशी म्हणायची? तुमच्या साड्यांच्या दुकानाच्या पायरीशी आले आणि म्हणाले, "काकू, येऊ का?"

तुम्ही गिऱ्हाईकापुढं लुगडं उलगडत होतात. हात न थांबवता म्हणालात, "काकू कुणाला मनायलीस गं? नवरा सोडलीस, ते सोडलीस. सासू सोडायला कोन सांगितलं तुला?"

गिऱ्हाईक बाई माझ्याकडं बघायला लागली. गौरी आणि ओंकार तोवर तुमच्या मांडीशी जाऊन बसलेही होते. मी निमूटपणे "आत्याबाई" म्हणाले आणि मग शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले. आज नाशिकच्या या स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहिताना दुसरं संबोधन सुचत नाही. तुमची समाधी झाली, माती झाली, तरी अजून वाटतं की तुम्ही मधेच तोडून म्हणाल, "लय लांबण लावायलीस, मुद्द्याचं बोल."

मुद्द्याचं बोलते. तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. हे तुमच्या तोंडावर म्हणायची सोय नव्हती, तुम्ही हसण्यावारी नेलं असतं.

आपलं पटायचं नाही, हे आधी सांगून टाकते. लोक गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड बोलतात, तसं मी बोलले तर तुम्हालाच ओळखू येणार नाही मी कुणाबद्दल बोलतेय ते. मी केलेला चहा तुम्हाला कायम पाणचट वाटायचा. मी भाजीत गूळ घालत नाही याचं तुम्हाला दुःख होतं. आणि मी घटस्फोट घेतला ही माझी चूकच होती, असं तुमचं ठाम मत होतं. मन्मथला माझं नोकरी करणं पसंत नव्हतं, आधी भांडणं झाली आणि पुढं घरात बोलणंच बंद झालं, हे सगळं तुम्ही त्याच छपराखाली राहून पाहिलं होतं. तरी म्हणायचात, "बोलनं बंद झालं तर काय झालं? तुजा सासरा माज्याशी कवा बोललाय? म्या ऱ्हायलेच की." मी म्हणायचे, "तुम्ही राहिलात म्हणून मी का राहू?" त्यावर तुम्ही माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकायचात.

वेगळं होताना ठरलं ते असं: लेकरं माझ्याकडं, पालमला माझ्या माहेरी. शनिवार-रविवार ताडकळसला. आणि कोर्टाला विचारल्याशिवाय मी त्यांना जिल्ह्याबाहेर राहायला न्यायचं नाही. सही करताना त्या शेवटच्या वाक्याकडं मी नीट लक्षही दिलं नव्हतं. जिल्ह्याबाहेर मी कशाला जातेय, असंच वाटलं होतं.

मग नाशिकच्या बियाणे कंपनीतून बोलावणं आलं. प्रयोगशाळेतली कायमची नोकरी, राहायला खोल्या, जवळ शाळा. परभणीच्या कृषी महाविद्यालयातून शिकून बाहेर पडल्यापासून मी ज्याची वाट बघत होते, ते नेमकं. पालमला मी दुसऱ्याच्या दुकानात खतांच्या पिशव्यांची बिलं फाडत होते आणि भावजयीच्या घरात तिच्या मर्जीप्रमाणे आवाज चढवत-उतरवत जगत होते. मला जायचं होतं. पण लेकरांना सोडून मी जाणार नव्हते, आणि लेकरांना नेऊ देणं मन्मथच्या हातात नव्हतं तरी अडवणं त्याच्या हातात होतं.

मी ही बातमी सगळ्यात आधी तुम्हाला सांगितली, आठवतं? रविवारची संध्याकाळ होती, आपण ताडकळसच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. ओंकार तुमच्या पिशवीतले शेंगदाणे खात होता. मी सांगून टाकलं. तुम्ही रस्त्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "नाशिक लय लांब हाय."

"हो."

"शनिवारी येणं-जाणं व्हायचं न्हाई."

"नाही व्हायचं."

"मग कर अर्ज. पन माज्याकडून काई आशा धरू नको. मन्मथ माजा पोरगा हाय."

बस आली. तुम्ही दोन्ही लेकरांना उचलून आत चढवलंत, गौरी चांगली नऊ वर्षांची घोडी झाली होती तरी तिलाही उचललंत, आणि माझ्याकडं न बघता निघून गेलात.

अर्ज केला. मन्मथनं विरोध केला आणि साक्षीला तुम्हाला उभं करायचं ठरलं. मला हे कळलं तेव्हा मी खचले. त्याच्या वकिलानं सगळी बांधणी तुमच्यावर केली होती. आपण लिंगायत. लेकरं जन्मल्यावर त्यांच्या गळ्यात लिंग तुम्ही बांधलं, डाव्या तळहातावर लिंग घेऊन भस्म कसं लावायचं, बेलाचं पान कसं ठेवायचं, हे तुम्ही शिकवलं. तेव्हा वकिलाचं म्हणणं असं की लेकरांचे संस्कार आजीपाशी आहेत, आजीपासून तोडलं तर पूजाअर्चा मोडेल, मुळापासून तुटतील. ऐकायला पटण्यासारखं होतं. मलाही रात्रंदिवस तेच टोचत होतं की मी खरंच काहीतरी तोडतेय का.

मन्मथची मात्र एक चूक झाली. आई गळ्यातलं लिंग हातात धरून खोटं बोलत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. म्हणूनच तर त्याला वाटलं की तिची साक्ष न्यायाधीश मानतील. तुम्ही खरं बोलाल ही त्याला खात्री होती, पण खरं काय आहे हे त्यानं तुम्हाला विचारलंच नव्हतं.

परभणीच्या कोर्टात त्या दिवशी तुम्ही हिरवं इरकल नेसून आला होतात, घडी न मोडलेलं. माझ्याकडं एकदाही पाहिलं नाहीत. शपथ द्यायची वेळ आली तेव्हा तुम्ही पदराआडून गळ्यातली लिंगाची चांदीची डबी बाहेर काढली आणि मुठीत धरलीत. मग वकिलानं तुमच्या नावानं लिहून आणलेलं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं गेलं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "यात लिहिलंय ते सगळं बरोबर आहे ना, आजी?"

तुम्ही म्हणालात, "हे वकीलसाबांनी लिवलंय. ह्यातलं थोडं खरं हाय."

मागच्या बाकावरचं कुणीतरी हसलं. वकील घाईनं उठला, तुम्ही हातानंच त्याला खाली बसवलंत, दुकानात गिऱ्हाईकाला थांबवायचात तसं.

"लेकरं माज्यासंगं पूजा करतेत, हे खरं हाय. आज्जीबिगर त्यांना करमत न्हाई, हे खोटं हाय. लेकरांना कुटंबी करमतंय, बाई. मलाच करमनार न्हाई."

"आणि पूजा मोडेल असं म्हटलंय..."

"कशी मोडल? आमचा देव देवळात बसत न्हाई. गळ्यात ऱ्हातो. माणूस जाईल तिकडं संगं जातो. सकाळी उठून हातावर घ्यायचा, झालं. नाशकात काय हात नसतेत का लेकरांना?"

मी खाली मान घालून बसले होते. मान वर केली असती तर मला स्वतःला आवरता आलं नसतं.

बाईंनी विचारलं, "मग तुमचं म्हणणं काय आहे?"

"लेकरं मायपाशी ऱ्हावीत आन मायच्या हाताला काम ऱ्हावं. घरात बसून रोज कुडायली तर लेकरांला काय देनार ती?" मग पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "पर बापाची वळख मोडायला नगं. सुटीत लेकरं धाडायचीच, असं हिला बांधून घ्या. ही लय हट्टी हाय. नुसत्या सांगन्यानं ऐकायची न्हाई."

वकील म्हणाला की साक्षीदार फितूर झाली आहे, तशी नोंद व्हावी. मग मात्र तुमचा पारा चढला. "फितूर कुनाला मनता? म्या माज्या पोराच्याच बाजूनं हाय. पोरगं चुकायलंय, त्याला आईनं न्हाई सांगायचं तर कुनी सांगायचं? तुमी पैसे घेऊन सांगनार हाव का?"

बाई हसू दाबत कागदात बघत राहिल्या. मन्मथ भिंतीकडं तोंड करून उभा होता.

परवानगी मिळाली. उन्हाळा आणि दिवाळी ताडकळसला, हे बंधनही त्यात आलं, अगदी तुमच्या शब्दात नसलं तरी तुमच्याच मनातलं. मी बाहेर आले तेव्हा तुम्ही पिंपळाखाली चपला घालत होतात. मी वाकून पाया पडायला गेले, तर म्हणालात, "नाटकं करू नको. तुज्यासाठी काई केलं न्हाई." आणि ताठ मानेनं स्टँडकडं चालत गेलात. मन्मथ मोटारसायकल घेऊन आला होता, पण त्या दिवशी तो तुम्हाला मागं बसवायला थांबला नाही. तुम्ही एकट्याच एसटीनं परत गेलात.

पुढं तुमच्या घरात काय झालं, ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, तेही तुमच्याकडून नाही. मन्मथ तुमच्या हातचं वाढून घेईना. स्वतःचं ताट स्वतः घ्यायचा आणि दुकानात जाऊन जेवायचा. भावकीतल्या बाया बाजारच्या दिवशी मुद्दाम येऊन विचारायच्या, "नातवंडं घालवलीस व्हय गं?" तुम्ही त्यांना साड्या दाखवायचात. एकीला म्हणे तुम्ही सरळ सांगितलंत, "घालवली न्हाईत. धाडलीत." माझ्याजवळ या कशाचा चकार शब्द काढला नाहीत. आम्ही निघायच्या आधी ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी, भस्माच्या दोन पुड्या आणि ओंकारचा फाटलेला शर्ट शिवून, असं सगळं बांधून पालमला पाठवलंत. शर्टाला बटणं वेगवेगळ्या रंगांची लावली होती, त्याला आवडतात म्हणून.

नाशिकला आल्यावर तुमची फोनवरची पूजा सुरू झाली. मी शाळेच्या डब्यांच्या गडबडीत, लेकरं अर्धवट झोपेत, आणि पडद्यावर तुमचं अर्धं कपाळ. "फोन सरळ धरा!" तुम्ही आम्हाला ओरडायचात, वाकडा तुमचाच असायचा. ओंकार तळहात कॅमेऱ्याला चिकटवायचा. "बग आज्जी, दिसायलंय का?" त्याची भाषा नाशिकला येऊनही तुमच्याशी बोलताना ताडकळसची व्हायची.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. तुम्ही फोन रोज एकाच जागी ठेवायचात, भिंतीतल्या देवळीत, दाराकडं तोंड करून. त्या दारातून मन्मथ आंघोळ करून यायचा. पहिले काही महिने तो भिंतीला चिकटून, वाकून, पडद्यात येणार नाही अशा बेतानं जायचा. मग जाता जाता टॉवेल दिसायला लागला. मग तो दारात थांबायला लागला. एक दिवस ओंकारनं भस्माची बोटं आडवी ओढायच्या ऐवजी उभी ओढली, तेव्हा मागून त्याचा आवाज आला, "आडवं, आडवं लाव रे." तुम्ही मागं वळूनही पाहिलं नाहीत. "तूच सांग त्याला. मला भाजी टाकायचीय," म्हणालात आणि उठून गेलात. त्या दिवसापासून पडद्यावर मन्मथ बसू लागला आणि तुम्ही स्वयंपाकघरातून आवाज द्यायला लागलात.

मला वाटायचं, तुम्ही कोर्टात त्या दिवशी बोलून मोकळ्या झालात. नाही. तुम्ही बोललात त्याचा जिम्मा नंतर वर्षानुवर्षं निभावत होतात. बाप आणि लेकरं तुटू नयेत म्हणून रोज सकाळी तो फोन त्या देवळीत मांडत होतात. धीर एकदा दाखवणारी माणसं मी पाहिली आहेत. एवढी चिकाटी मी तुमच्यातच पाहिली.

आपला वाद मात्र तसाच राहिला. मागच्या महिन्यात फोन केलात तेव्हाही शेवट तिथंच. "त्यानं बी दुसरं केलं न्हाई, तू बी न्हाई. मग कामून दोन घरं?" मी म्हणाले, "आत्याबाई, पुन्हा नको ना." तुम्ही म्हणालात, "बरं, ऱ्हाऊ दे. सुटीत आलीस का बोलू." तुमच्या मते मी चुकले आणि माझ्या मते नाही. अजूनही नाही. तुम्ही गेलात म्हणून मी हा वाद तुम्हाला सोडून देणार नाही, तुम्हालाही ते आवडलं नसतं.

लेकरं सुटीला तुमच्याकडंच होती, हे बरं झालं. गौरीनं सांगितलं की सकाळी पूजा आटपली, तुम्ही भिंतीला टेकलात आणि ओंकारला पाणी आण म्हणालात. तो पाणी घेऊन आला तोवर सगळं संपलेलं होतं. त्याला वाटलं तुम्ही डोळे मिटून जप करताय, म्हणून तो पेला धरून तसाच उभा राहिला.

मी पोचले तेव्हा तुम्हाला बसवलं होतं, कपाळावर भस्माचे पट्टे, डाव्या तळहातावर लिंग. आपल्यात माणूस झोपवून नेत नाहीत, बसवून नेतात. त्यामुळं दारातून आत येताना क्षणभर वाटलं तुम्ही आता म्हणाल, "एवडा उशीर?" मी बायकांच्या मागं उभी राहिले. घटस्फोट झालेल्या सुनेची जागा कुठं असते ते मला ठाऊक नव्हतं. मन्मथनं मला पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मागं कामून थांबलीस? म्होरं ये. आई तुजी बी व्हती." मी पुढं आले. शेतात, जिथं मामंजींची समाधी आहे त्याच्या शेजारी, तुम्हाला ठेवलं. बेलाची पानं वाहिली. ओंकार रडत नव्हता, नुसता माझा पदर धरून होता. मी मात्र तिथं ढसाढसा रडले, लोक बघत होते तरी.

तिसऱ्या दिवसाचं सगळं उरकल्यावर मी आमच्या बॅगा भरायला घेतल्या. गौरी दारात येऊन उभी राहिली. दहावीची परीक्षा झालीय तिची, नाशिकच्या कॉलेजची चौकशी मी करून ठेवली होती.

"आई, मी इथंच राहू का?"

"दिवसकार्य होईपर्यंत? रहा की."

"तसं नाही. अकरावी-बारावी. इथून परभणीला जाईन रोज. मग पुढं कृषीला, तू होतीस तिथं."

मी साडीची घडी घालत होते, ती पुन्हा मोडली. म्हणाले, "बाबा एकटे पडले म्हणून म्हणतेस ना? ते तुझं काम नाही गौरी. तुझं वय नाही ते."

"बाबांसाठी नाही," ती म्हणाली. "थोडंसं आहे तेपण. पण मला इथं आवडतं. दरवेळी सुटी संपली की मला जावं वाटत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही कधी." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "बाबांना अजून विचारलं नाही. आधी तुला विचारतेय. तू नाही म्हणालीस तर नाही."

आत्याबाई, तिला नाही म्हणायची सोय माझ्याकडं होती. कोर्टाचा आदेश माझ्या बाजूनं आहे. मन्मथ एका शब्दानं भांडला नसता. मी तिला समजावू शकले असते की मोठ्या शहरात चांगलं कॉलेज मिळतं, आणि ते खोटंही नव्हतं. ओंकारचं काय, हेही विचारू शकले असते. सगळी कारणं माझ्या जिभेवर आली होती. त्यातलं थोडं खरं होतं. पण या सगळ्याच्या खाली एकच गोष्ट होती, की या पोरीशिवाय मी त्या दोन खोल्यांत संध्याकाळी काय करणार होते?

घरात विचारायला कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातून आवाज यायचा तो बंद झाला होता.

मी म्हणाले, "रहा. पण दिवाळी आणि उन्हाळा माझ्याकडं. हे पक्कं."

ती येऊन गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, बाबांना जाऊन सांग म्हणाले, आणि ती गेल्यावर मागच्या न्हाणीघरात जाऊन दार लावलं, नळ मोठा सोडला, आणि तोंडात पदर कोंबून बसले. कितीतरी वेळ बसले होते. बाहेरून मन्मथनं एकदा हाक मारली, मग पावलं लांब गेली.

कोर्टातून एसटीनं एकट्या परत गेलात, त्या दिवशी घरी पोचल्यावर तुम्ही काय केलंत, ते मला आता माहीत आहे.

तुमची,
सारिका